भिंतीतला खांब

उकंडा मिस्त्री घर आधी कानाने पाही. खांबाशी जाई, उजव्या हाताची मधली दोन बोटे मुडपून त्यावर टकटक करी, आणि डावा कान लाकडाला लावून डोळे मिटून घेई. त्या वेळी कोणी बोलले तर हात वर करून त्याला गप्प करी. बोलणारा कोण आहे हे तो पाहत नसे. एकदा त्याने असेच कमिटीच्या अध्यक्षांना गप्प केले होते. अध्यक्ष गप्प झाले आणि नंतर दिवसभर चिडलेले होते.

भार घेणारा खांब आणि नुसता उभा असलेला खांब यांचा आवाज वेगळा असतो, असे तो म्हणे. मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येत.

वर्धा जिल्ह्यातील कापसाच्या बाजाराचे ते एक गाव. त्याचे नाव लिहीत नाही. चौपन्न साली मी तेथे म्युनिसिपल कमिटीचा ओव्हरसिअर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझे वय चोवीस होते. नागपूरची पदविका होती, खादीचा सदरा होता, खिशात घडीची फूटपट्टी होती. पुस्तकात नाही ते जगात नाही, अशी माझी त्या वेळी पक्की समजूत होती.

उकंडा पंचावन्नच्या पुढचा असावा. ठेंगणा, काळा, खांद्याने रुंद. गावच्या जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढण्याच्या कारखान्यात, तो मिस्त्री होता. कापसाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. मग जिन बंद होई आणि पाऊस लागेपर्यंत तो गावातली कामे करी. सुरुवात त्याने लाकडाच्या वखारीत आरा ओढण्यापासून केली होती. जिनातल्या एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाने त्याच्या हाती रंधा दिला. जातीने तो महार. गावातले सुतार त्याला मिस्त्री म्हणत नसत, ‘जिनातला उकंडा’ म्हणत. पण अवघड सांधा पुढे आला की त्यालाच बोलावणे पाठवीत.

आधीची मुले जगली नाहीत की नव्या मुलाला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि हे नाव देतात, अशी आमच्याकडे रीत होती. साठीला टेकलेल्या माणसालाही गाव ‘उकंडा’ म्हणे आणि ‘तू’ म्हणे. मीही म्हणत असे. तो मला ‘वरशेर साहेब’ म्हणे. ओव्हरसिअर हा शब्द त्याच्या जिभेवर एवढाच बसला होता.

कामाच्या लाकडावर तो कधी बसला नाही. भर उन्हात, शेजारी सागाचा ओंडका पडलेला असताना, तो जमिनीवर उकिडवा बसे. कागदावर रेघ मारीत नसे. एक लांब खिळा जवळ बाळगी आणि मातीत आकृती काढी. काम पटले की ती पायाने पुसून टाकी. आणि खांब उभा करण्यापूर्वी त्याचा बुडखा कोणता, शेंडा कोणता, हे शोधल्यावाचून त्याला हात लावू देत नसे.

शाळेच्या पडवीचे काम चालले होते तेव्हाची गोष्ट. ठेकेदाराने चार खांब उभे करून ठेवले होते. उकंडा आला, तिसऱ्या खांबापाशी थांबला आणि हत्यारे खाली ठेवून बसून राहिला.

“काऊन बसला गा?” ठेकेदाराने विचारले.

“हे झाड डोक्यावर उभं केलं तुमी.”

“खांब हाय तो. झाड कुठचं?”

“तुमाले डोक्यावर उभं केलं तं किती दिवस उभे राहान?”

मजूर हसले. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिले. मी उकंडाला म्हणालो, “लाकडाची ताकद दोन्ही बाजूंनी सारखीच असते. पुस्तकात दिले आहे.”

“असन साहेब. पन पानी झाडात खालून वर चढते. उलटं केलं का ओल तिकूनच शिरते. पुस्तकाले पावसात कोन उभं करते?”

त्याने खांब उतरवायला लावला, बरोबर मधोमध दोर बांधून टांगला. एक टोक हळूहळू खाली झुकले. “तो बुडखा,” तो म्हणाला. झुकलेले टोक वरच्या बाजूचे होते. मी खांब उलटवून घेतला. उकंडाचे पटले म्हणून घेतला असे नाही. तो ठेकेदार मला आवडत नव्हता.

बन्सीलालशेठचे घर बाजाराच्या रस्त्यावर होते. गावात तसे दुसरे घर नव्हते. खाली कापडाचे दुकान, वर राहण्याची जागा. सगळे घर सागाच्या सांगाड्यावर उभे. दर्शनी बाजूला चार खांब, प्रत्येक खांबाखाली कोरीव दगडी उथळा, आणि खांबांच्या मधले तीन गाळे फळ्यांनी बंद होत. फळ्या एकोणीस. प्रत्येकीवर आकडा कोरलेला. त्या क्रमानेच त्या खोबणीत सरकत. वर लाकडी सज्जा रस्त्यावर दोन हात पुढे आलेला, खाली त्याला पेलणारे, पोपटाच्या आकाराचे लाकडी घोडे. सांगाड्याच्या मधली जागा कच्च्या विटांनी भरून वर चुना फिरवलेला. पहिल्यांदा ते घर पाहिले तेव्हा मी भिंतींची जाडी मोजली. माझ्या शिक्षणात घर म्हणजे भिंत होती.

“लाकूड उभं हाय म्हून घर उभं हाय,” उकंडा मला एकदा म्हणाला होता. “भित म्हंजे आंगरखा. काढला तं मानूस मरत नाई.”

त्या एकोणीस फळ्यांपैकी सहा त्याने नव्या करून दिल्या होत्या. सगळ्या रस्त्यावर उभे राहून. दुकानाचा ओटा तीन फूट उंच होता आणि उकंडा त्यावर कधी चढला नव्हता. दुकानातला नोकर वरून दोरीने माप धरी, हा खाली दुसरे टोक धरी. त्याच्या मोहल्ल्यातल्या बायका लुगडे घ्यायला येत तेव्हा त्याही खालीच उभ्या राहत; लुगडे वरून टाकले जाई. दुकानात गांधीजींची तसबीर होती, तिला सुताचा हार होता. शेठ स्वतः खादी वापरीत आणि वर्षातून एकदा सेवाग्रामला जाऊन येत. घटना लागू होऊन पाच वर्षे झाली होती. मी शासनाचे नियम पाठ केलेला माणूस होतो. त्या ओट्यासमोरून मी रोज कचेरीत जात असे.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात शेठने दुकान वाढवायचे ठरवले. दुकान आणि मागचा कोठा यांच्यामधली भिंत पाडून एक लांब दालन करायचे होते, नागपूरच्या दुकानांसारखे. परवानगी कमिटीची, म्हणजे तपासणी माझी. भिंत जेमतेम फूटभर जाड, कच्च्या विटांची. अशी भिंत भार घेत नाही, हे मला आत शिरताक्षणी कळले. निदान मला तसे वाटले.

बाहेर आलो तर उकंडा एका फळीची खोबण साफ करीत रस्त्यावर उभा होता. शेठने त्याला सहज सांगितले, भिंत पाडतो आहे. उकंडाने हातातली पटाशी खाली ठेवली.

“भित पाडा. मधातला खांब ठेवजा.”

“कोणता खांब?” मी विचारले.

“भितीतला.”

शेठ हसले. “अरे, क्या बात करतो! ओवरसियर साब, आमच्या दादाजींनी बांधलं हे घर. तीन पीढ्या आम्ही राहतो. आम्हाले नाई मालूम आणि याले मालूम? यानं आत पाय तरी टाकला का कधी?”

“नाई टाकला,” उकंडा म्हणाला.

मग तो उकिडवा बसला आणि खिळ्याने मातीत घर काढू लागला. आधी चार खांब, मग मागच्या गल्लीकडचे चार. तुळयांची टोके त्याने समोरून मोजली होती आणि गल्लीतून मोजली होती. जिना कुठे असेल ते त्याने नोकराच्या पायांच्या आवाजावरून ठरवले होते. शेठ हसायचे थांबले, कारण जिना बरोबर होता. कोठ्याचे दार बरोबर होते. जे घर त्याने आतून कधी पाहिले नव्हते, ते त्याने पाच मिनिटांत रस्त्याच्या धुळीत काढले.

“समोरून मागंपर्यंत तीस फूट भरते,” तो मला म्हणाला. “एवढी लांब तुळई सागाची निघत नाई साहेब. मधात जोड हाय. जोड हाय तं त्याच्याखाली खांब हाय. दिसत नाई म्हंजे भितीत बुजवला. मी बाहेरून तुळईच्या टोकावर आवाज घेतला हाय. तो खांब भार घेऊन राह्यला.”

यात न समजण्यासारखे काही नव्हते. आज हे लिहिताना मला ते पुन्हा कळते, आणि तेव्हाही कळले होते. अडचण एवढीच होती की ते त्याने सांगितले होते.

मी शेठला म्हणालो, “याला आत येऊन जागा दाखवू द्या.”

शेठ म्हणाले, “साब, त्याच भितीत देवाचा कोनाडा हाय. देव हलवायचा मुहूर्त पुढच्या हप्त्यात. तुम्हीच पाहून घ्या ना. तुमच्यापेक्षा तो जास्त शिकला का?”

उकंडा उभा राहिला. त्याने ओट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी कमिटीचा अधिकारी होतो. ‘तो आत येईल, नाहीतर परवानगी नाही’ एवढे एक वाक्य मला म्हणता आले असते, आणि शेठने ते ऐकलेही असते. मी म्हणालो, “बरे, मीच पाहतो.”

आत जाऊन मी मजुराकडून पहार घेतली आणि भिंतीच्या मधोमध टोचली. माती निघाली. हातभर वर टोचली. माती निघाली. बाहेरून आवाज आला, “हात दोन डावीकडे, साहेब!” डावीकडे देवाचा कोनाडा होता. शेठ माझ्याकडे पाहून किंचित हसत होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने मला आत हुकूम सोडावा, हे मला त्या क्षणी सहन झाले नाही. मी पहार परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिले: सदर भिंत भारवाहक नसून ती संपूर्ण काढण्यास हरकत नाही.

देव हलले, भिंत फुटू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावरचा मुकादम माझ्या कचेरीत आला. माझ्यासमोर तेव्हा जिल्ह्याहून आलेले दोन पाहुणे बसले होते.

“साहेब, भितीत खांब निघाला. देवाच्या कोनाड्यापाशी. मोठा हाय. काय करू?”

कचेरीपासून ते घर शंभर पावलांवर होते. मी उठलो नाही. पाहुण्यांसमोर मला असे वाटले की या प्रश्नाचे उत्तर बसूनच दिले पाहिजे. मी म्हणालो, “जुना काहीतरी टाकाऊ खांब असेल. काढून टाका.”

चूक कोणाचीही होते. मी जे केले ते चूक या शब्दात बसत नाही. खांब निघाला हे ऐकताच उकंडा बरोबर होता हे मला कळले होते, आणि तो बरोबर ठरू नये म्हणून मी तो खांब काढायला सांगितला.

दुपारी बाराच्या सुमारास मोठा आवाज झाला. मी पोहोचलो तेव्हा दुकानातून धूळ बाहेर येत होती. तुळई जोडावर मोडून खाली झुकली होती, तुळईवरच्या दोन आडव्या कड्या निसटून वरच्या मजल्याची माती दुकानातल्या मुनीमजींच्या पायावर पडली होती. त्यांना बाहेर आणले होते. पाय मोडला होता. पण वर शेठची सून होती, बाळंतपणाला वीस दिवस झालेली, आणि तिचे मूल. जिना त्या झुकलेल्या तुळईखालूनच जात होता. लाकूड करकरत होते. शंभर माणसे रस्त्यावर उभी होती आणि एकही आत जात नव्हता. मीही त्यांतला एक होतो.

उकंडा कापसाच्या बंद जिनाच्या बाजूने आला. बरोबर त्याचा जावई आणि पुतण्या. दोघांच्या खांद्यांवर टेकूच्या लाकडी बल्ल्या. ओट्यापाशी येऊन तो थांबला. पायातल्या चपला काढल्या.

“शेठजी, वर येऊ का?”

त्या गर्दीत त्याने ते विचारले. घर पडत असताना विचारले.

“अरे, पूछता क्या है! ये! लवकर ये रे बाबा!” शेठ ओरडले.

तो ओट्यावर चढला, मागोमाग त्याचे दोघे. मला काय वाटले कोण जाणे, मीही मागे गेलो. आत धुळीने काही दिसत नव्हते. ज्या घरात त्याने कधी पाऊल टाकले नव्हते त्यात तो न चाचपडता चालत गेला, डावीकडे वळला, आणखी दोन पावले टाकली आणि थांबला. तेथे खांब कापलेला होता. जमिनीपासून हातभर बुंधा तेवढा उरला होता. त्याने हात वर केला आणि एक बल्ली तुळईला भिडवून तिला कान लावला. मग त्याने ती बल्ली जावयाला दिली, कुठे टेकवायची ते बोटाने दाखवले, आणि खाली पाचर ठोकू लागला. दोन ठोके, कान. दोन ठोके, कान. तिसरी बल्ली बसल्यावर करकर थांबली.

“घेतलं त्यानं,” तो म्हणाला. “आता बाईले आना खाली. पाय आपटू नका.”

सुनेला आणि मुलाला खाली आणले. शेठ ओट्यावर बसून रडले. आत उकंडा त्या कापलेल्या बुंध्यापाशी वाकला होता. त्याने कापाची बाजू बोटांनी चाचपली.

“बुडखा खालीच हाय,” तो जावयाला म्हणाला. “कोनी जानत्यानं उभा केलता.”

मग मी मागे उभा आहे हे त्याला जाणवले असावे. वळून न पाहता तो म्हणाला, “हात दोन डावीकडे सांगतलं होतं, साहेब.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. माप सांगावे तसे त्याने ते सांगितले. ते ऐकायला मी होतो, त्याचे दोघे होते आणि मुकादम होता. मुकादमाने मान खाली घातली. त्याचेही पोट त्या कामावर होते.

शेठने त्याला विचारले, काय देऊ. कापून काढलेला खांब रस्त्याच्या कडेला पडला होता. सरपणाला जाणार होता. उकंडाने तो मागितला. दुसरे काही मागितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बैलगाडी घेऊन खांब न्यायला आला. मी पलीकडच्या बाजूने कचेरीत चाललो होतो. त्याच वेळी शेठच्या घरातून दुकानात घागरी ओतल्या जात होत्या. आत गोमूत्र शिंपडले होते, त्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ओट्यावरून पाण्याचा ओहोळ खाली उतरला आणि खांबाकडे सरकू लागला. उकंडाने पाण्याकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले. मग त्याने आणि जावयाने खांब उचलून कोरड्या जागी ठेवला आणि दोर बांधायला सुरुवात केली. लाकूड भिजू नये एवढेच त्याने पाहिले. मी चालत राहिलो.

कमिटीने अहवाल मागितला. ज्याने परवानगी दिली त्यानेच अहवाल लिहायचा, हे आमच्या कारभाराला धरूनच होते. मी अजून कायम झालो नव्हतो. अध्यक्ष शेठच्या नात्यातले होते. मुहूर्त काढून देव हलवले आणि घर पडले, ही चर्चा त्यांना थांबवायची होती. मुकादम बोलणार नव्हता. कोणीतरी हवा होता.

मी लिहिले की दुकानाच्या दर्शनी भागाची दुरुस्ती पूर्वी वेळोवेळी एका अशिक्षित सुताराकडून झाल्याने लाकडी सांगाड्याचे सांधे ढिले झाले होते, व सदर अपघात त्यामुळे घडला. भिंतीतल्या खांबाचा उल्लेख केला नाही. दोन पानांचा अहवाल होता. अक्षर चांगले होते. अध्यक्षांनी तो वाचून माझी पाठ थोपटली.

गावात त्या सुताराचे नाव सांगावे लागत नव्हते.

आठ दिवसांनी उकंडा कचेरीच्या पडवीत आला.

“साहेब, तुमी कायतरी लिवलं म्हनतेत. वाचून दाखवा.”

मी वाचले. का वाचले, हे सांगतो: कागदी मराठी त्याला कळणार नाही, असा माझा अंदाज होता. तो डोळे मिटून ऐकत होता. हात नेहमीसारखा अर्धा वर.

“आखीन एकडाव.”

मी पुन्हा वाचले. त्याने डोळे उघडले.

“यात माहं नाव नाई.”

“तुझ्याच भल्यासाठी घातले नाही.”

“नाव घाला.”

“वेडा आहेस का? नाव घातले तर चौकशी होईल.”

“होऊ द्या ना. नाव नसलं तं उद्या आमच्या मोहल्ल्यातला कोनी बी हत्यार घेऊन उभा राह्यला का लोक म्हनतीन, हाच तो. जवाई काम करून राह्यला, पुतन्या करून राह्यला. त्याईच्या पोटावर काऊन आनता? माह्या एकट्यावर ठेवा. उकंडराव लिवा. उकंडराव मिस्त्री.”

‘राव’ हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. एका खोट्या आरोपाखाली सही करावी तसा तो स्वतःचे पूर्ण नाव मागत होता, आणि ते सुद्धा दुसऱ्यांसाठी.

मी नाव घातले नाही. घातले असते तर कमिटीला त्याला बोलवावे लागले असते. बोलावले असते तर त्याने धुळीत काढलेल्या घराविषयी सांगितले असते, डावीकडच्या दोन हातांविषयी सांगितले असते, मुकादमाने खांब कोणाला विचारून काढला तेही निघाले असते. मी त्याला म्हणालो, “अहवाल गेला आहे. आता काही करता येत नाही.” अहवाल माझ्या टेबलावरच होता. त्याच्या समोर होता.

त्याने त्या कागदाकडे पाहिले.

“ठीक हाय. कलम तुमच्या हातात हाय,” तो म्हणाला आणि पडवीची पायरी उतरला. कचेरी सरकारी होती. तेथेही तो पडवीतच उभा राहिला होता, आणि मी त्याला आत ये म्हटले नव्हते.

दिवाळीला जिन सुरू झाले तेव्हा त्याला घेतले नाही. जावयाला आणि पुतण्यालाही घेतले नाही. तो म्हणाला होता तसेच झाले. होळीच्या आधी तिघांची घरे गाव सोडून गेली. कुठे गेली हे मी विचारले नाही. त्याच महिन्यात मी नोकरीत कायम झालो.

पुढे बत्तीस वर्षे मी चाकरी केली. पुष्कळ अहवाल लिहिले. त्यांत खोटा हा एकच. हे मी पूर्वी समाधानाने म्हणत असे. त्या गावच्या दप्तरात तो अजून असेल, किंवा वाळवीने खाल्ला असेल. त्यात आता शब्द घालता येत नाही. येथे घालतो: त्या सुताराचे नाव उकंडराव. तो अशिक्षित नव्हता. त्याचे आडनाव मला माहीत नाही. कधी विचारले नव्हते.

त्याला मी शेवटचे पाहिले ते सत्तावन्नच्या हिवाळ्यात. जिल्ह्याच्या कामासाठी वर्ध्याला आलो होतो आणि भाड्याच्या सायकलीने नालवाडीकडून चाललो होतो. रस्त्याला लागून मोकळ्या जागेत काम चालले होते. चार खांब उभे, वर तुळया चढवलेल्या, भिंती अजून नाहीत. निळ्या कापडाची एक पताका कोपऱ्यात बांधलेली. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेल्यांची ती वस्ती होती. विहार बांधत होते. जावई वर चढला होता. खाली उकंडराव उभा होता. केस पांढरे झाले होते. कोणीतरी त्याला “उकंडराव काका, पाचर देऊ का?” असे विचारले ते मी ऐकले.

तीन खांब नवे, पिवळसर होते. चौथा काळा होता. बाकीच्यांहून जाड आणि आखूड. त्याच्याखालचा दगड तेवढा उंच घेतलेला.

मी सायकलीवरून उतरलो. त्याने मला पाहिले. लगेच ओळखले.

“वरशेर साहेब,” तो म्हणाला, आणि काळ्या खांबावर तळहात ठेवला. “वयखला का?”

मी मान हलवली.

“हातभर कापला गेलता. म्हून खाली दगड मोठा घेतला. आता बसला बरोबर.”

मला काही बोलायचे होते. ‘उकंडा’ हा शब्द तोंडातून निघेना, आणि दुसरा शब्द मला कधी सवयीचा नव्हता.

“उनात काऊन उभे राह्यले? या, आत या ना,” तो म्हणाला.

आत म्हणजे चार खांबांच्या मध्ये. भिंत नव्हती, ओटा नव्हता, दार नव्हते. माझ्यापासून तो खांब आठ पावलांवर होता.

मी म्हणालो, कचेरीत वेळेवर पोहोचायचे आहे.

त्याने थोडी वाट पाहिली. मी सायकल धरून रस्त्यावर उभा होतो. मग तो वळला, दोन बोटे मुडपून खांबावर टकटक केली, आणि डोळे मिटून कान लावला. वर जावई काहीतरी बोलत होता. त्याला गप्प करण्यासाठी त्याने हात वर केला.

मीही बोललो नाही.